कापलेल्या आरत्या

राखीनं लॅपटॉपवरची रेघ आख्यानाच्या टोकापर्यंत ओढत नेली, मूळ कॅसेटमधली आरती तिथं आणून जोडली आणि हेडफोन लावून सांधा ऐकला. केरूमहाराजांचा आवाज उतरत उतरत थांबला, टाळ एकदम उसळले, मागून बायकांचा सूर आला. पण मध्ये कुठंतरी खट्ट झालं. तिनं रेघ केसभर मागं घेतली आणि पुन्हा ऐकलं. आता ठीक होतं. तिनं ते साठवलं आणि पुढचं आख्यान उघडलं.

"ताई, उद्या दहाव्याला रामकुंडावर सातला पोचायचंय. गुरुजींना फोन झाला का?" रोहित दारात उभा होता. पुण्याहून आल्यापासून त्यानं दाढी केली नव्हती. त्या वाढलेल्या दाढीत तो वडिलांसारखा, अण्णांसारखा दिसायला लागला होता, आणि हे कुणीच त्याला सांगत नव्हतं.

"झाला."

"आणि हे काय चाललंय?"

"आरत्या जोडतेय."

"कसल्या आरत्या?"

"कीर्तनांच्या. कापल्या होत्या ना, त्या."

रोहितनं पडद्याकडं बघितलं. "आता जोडून काय उपयोग?" तो म्हणाला. रागानं नाही, थकून म्हणाला. "जेव तरी. सकाळपासून चहावर आहेस."

तो गेला. बाहेरच्या खोलीत अण्णांची कॉट होती त्या जागी पिठावर दिवा ठेवलेला होता. त्याच्या वातीवरची काजळी झटकायला तो खाली वाकलेला तिला इथून दिसला.

राखी एका कॉलेजात तासिकेवर मराठी शिकवायची. पहिल्या तासाला ती फळ्यावर एका संकेतस्थळाचा पत्ता लिहायची आणि पोरांना सांगायची, की पुस्तकं महाग आहेत, वाचनालयात नंबर लागत नाही, पण हे फुकट आहे आणि खरं आहे. तिथं जुने शब्दकोश होते, शब्द टाकला की पान उघडायचं. कुठं मिळणार नाहीत अशा पोथ्यांची आणि पुस्तकांची पानं होती. कवितांची वाचनं होती. आणि एका कोपऱ्यात गावोगावच्या कीर्तनकारांची आख्यानं होती, लोकांच्या माळ्यावरच्या कॅसेट गोळा करून, धूळ पुसून, संहितेसकट आणि शब्दार्थासकट. ते काम मराठीची आवड असलेल्या पाच-पंचवीस लोकांनी आपल्या रविवारांतून केलं होतं. त्यांत राखी होती. चांदवडकडच्या केरूमहाराजांच्या कॅसेट तिनंच मिळवल्या होत्या, तिनंच साफ केल्या होत्या, आणि आख्यान संपलं की पुढचा गजर, आरती, प्रसादाची घोषणा हे सगळं तिनंच कापून टाकलं होतं. अभ्यासाला आख्यान हवं. आरती काय, सगळीकडं सारखीच. पोरांच्या मोबाइलचा डेटा कशाला जाळायचा?

त्या वेळी हे तिला फार शहाणपणाचं वाटलं होतं.

अण्णा अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत अर्धांग झालं. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. शिव्या तेवढ्या स्वच्छ यायच्या. हाक मारता येत नव्हती म्हणून ते डाव्या हातानं स्टीलचा पेला कॉटच्या दांडीवर आपटायचे. ठण् ठण् ठण्. पेला वाजला की राखीची आई, नवसाबाई, हातातलं टाकून धावायची. पाणी, उशी, भांडं, माशी, पंखा. कधी काहीच नसायचं, ती आली एवढंच बघायचं असायचं. एकदा तिनं भरवलेला वरणाचा घास त्यांनी तिच्याच तोंडावर थुंकला. नवसाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि पुढचा घास फुंकर मारून गार केला. राखी दारात उभी राहून बघत होती. त्या रात्री तिनं आईच्या मोबाइलवर ती आख्यानं लावून दिली.

"हे बघ, इथं दाबायचं. एक संपलं की दुसरं आपोआप लागतं."

नवसाबाईनं कानात वायर घातली, आणि केरूमहाराजांनी 'अगं माझे माय' म्हटल्याबरोबर तिचा हात गळ्याशी गेला. तरुणपणी ज्या मांडवात ती पुढच्या रांगेत बसायची, तो मांडवच्या मांडव कुणीतरी कानात आणून सोडला होता. महाराजांची एक लकब होती. आख्यान ऐन रंगात आलं की ते थांबायचे आणि बायकांच्या बाजूला वळून विचारायचे, मग काय केलं असेल त्या माउलीनं? आणि बायका एका सुरात उत्तर द्यायच्या. नवसाबाई सिडकोतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात, लसूण सोलता सोलता, मोबाइलला उत्तर द्यायची. "दार उघडलं असंल," ती म्हणायची. आणि महाराज म्हणायचे, "बरोबर! दार उघडलं!" तेव्हा ती अशी हसायची, की राखीला वाटायचं, आपण आयुष्यात एवढं एक काम बरं केलं.

दुपारी अण्णांचा डोळा लागला, की तिचं कीर्तन. ती मागच्या मोरीपाशी पाट टाकून बसायची, कारण तिथं वारा यायचा.

आणि त्या दिवशी राखी चारच्या सुमाराला घरी आली, तेव्हा अण्णा कॉटखाली पालथे पडलेले होते. तोंड फरशीला टेकलेलं. उजवा हात अंगाखाली अडकला होता, डाव्यानं उलटता आलं नव्हतं. पेला भिंतीपर्यंत घरंगळत गेला होता. आई मोरीपाशी पाटावर बसलेली, कानात वायर, समोर निवडून झालेली मेथी. राखी ओरडली तेव्हा तिनं मान वळवली. डॉक्टर म्हणाले, तासभर तरी होऊन गेला असावा.

तेव्हापासून राखीला एकच गोष्ट दिसत होती, आणि ती अण्णांची नव्हती.

ती पाच-सहा वर्षांची असेल. गावाकडं सप्ताह बसला होता. ती मांडवात आईच्या मांडीवर होती. मांडवाच्या कडेला अण्णा येऊन उभे राहिले आणि त्यांनी हाक मारली, "ए, ऊठ. भाकरी कोण टाकणार, तुझा बाप?" आख्यान संपलं होतं, आरती व्हायची होती. आई उठली नाही. अण्णांनी पुन्हा हाक मारली. बायका खाली बघायला लागल्या. आई उठली नाही, पण तिच्या मांड्या थरथरत होत्या, ते राखीला खालून कळत होतं. आरती झाली, आईनं तबकावरून हात फिरवून तो राखीच्या डोक्यावरून फिरवला, आणि मगच ती उठली. घरी काय झालं ते राखीला आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आईच्या हातात बांगड्या नव्हत्या, एवढंच आठवत होतं.

पुढं कधीतरी तिनं विचारलं होतं, तू उठली का नाहीस?

"आरतीआधी उठलं की ऐकलेलं समदं मांडवातच राहतं," आई म्हणाली होती. "घरी रिकामंच यावं लागतं."

कीर्तन ऐकणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. देवाच्या दारात बसलेलं माणूस देवानं निरोप दिल्याशिवाय उठत नाही, आणि आरती म्हणजे तो निरोप. राखीला हे ठाऊक होतं. ती त्याच मांडीवर वाढली होती. तरीही तिनं एकामागून एक सगळे निरोप कापून टाकले होते आणि त्या न संपणाऱ्या कीर्तनासमोर आपल्याच आईला नेऊन बसवलं होतं. एक आख्यान संपलं की दुसरं. दुसरं संपलं की तिसरं. आई उठणार कधी?

तिनं हे तिसऱ्या दिवशी रोहितला सांगितलं. तो भिंतीला डोकं टेकून बसला होता. "म्हणजे तुझ्या त्या वेबसाइटनं," तो एवढंच म्हणाला, आणि वाक्य पुरं केलं नाही.

आज दुपारी शेजारची शहनाज खिचडीचं पातेलं घेऊन आली. सिडकोतली घरं पाठीला पाठ लावून उभी असतात. एका घरात फोडणी पडली की दुसऱ्या घरात शिंक येते. शहनाजनं पातेलं ओट्यावर ठेवलं, पण गेली नाही. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

"राखीदीदी, एक बात बोलू? मला झोप येत नाय."

"बोल ना."

"त्या दिवशी मला पेल्याचा आवाज येत होता. भिंतीतनं. लय वेळ. मी पोरीला, इन्शाला म्हणाली पण, आज अंकल जास्तीच तापलेत. मला वाटलं, मावशी हाय ना." तिचे डोळे भरले. "मंग आवाज बंद झाला. मला वाटलं, मावशीनं पाणी दिलं असेल. मीच यायला पाहिजे होतं ना, दीदी? दोन पावलं तर होती."

"तुझं काही चुकलं नाही," राखी म्हणाली. "रोजचंच होतं ते. तुला काय माहीत?"

"तरी पण."

"नाही गं. माझं चुकलंय."

शहनाजनं तिचा हात धरला, दाबला, आणि रिकाम्या हातांनी निघून गेली. राखीला वाटलं, या घरात आता जो येतो तो आपला आपला वाटा उचलून घेऊन जातो. आई तेवढी काहीच बोलत नव्हती. नऊ दिवसांत रडली नव्हती की काही विचारलं नव्हतं. येणाऱ्याजाणाऱ्यापुढं हात जोडायची आणि कोपऱ्यात बसायची. मोबाइल रोहितनं कपाटात टाकून दिला होता, त्याचंही तिनं नाव काढलं नव्हतं.

राखी आतल्या खोलीत गेली. नवसाबाई उद्यासाठी तांदूळ निवडत होती. सुपावर वाकलेली, मोकळं कपाळ, पांढरे झालेले केस मागं ओढून बांधलेले. राखी तिच्यासमोर जमिनीवर बसली.

"आई, तुला एक सांगायचंय."

"सांग की."

"ती कीर्तनं. मी तुला लावून दिलेली. त्यांना आरती नव्हती."

"नव्हती खरी."

"ती मीच कापली होती. पोरांना अभ्यासाला नको म्हणून. माझ्या डोक्यातच आलं नाही, की तू ते अभ्यासाला ऐकत नाहीस." राखीनं सुपाची कड धरली. "एक संपलं की दुसरं लागायचं. तुला उठायला जागाच ठेवली नाही मी. अण्णा तिकडं... आणि तू आरतीची वाट बघत बसलीस. माझ्यामुळं गेले गं ते."

नवसाबाईचा हात सुपात थांबला. तिनं वर बघितलं. लेकीचे सुजलेले डोळे, कोरडे ओठ, दोन दिवस न विंचरलेले केस, असं सगळं तिनं एकदा नीट बघून घेतलं, जसं ताप आलेल्या मुलाकडं बघतात.

"म्हंजी ह्याच्यापायी तुझ्या पोटात अन्न जात नाय व्हय?"

राखीनं मान हलवली.

"अन् मला वाटलं, बापासाठी." नवसाबाईनं सूप बाजूला सरकवलं. "येडी का काय तू? इतकी शिकली, अन् असलं घेऊन बसली. आरती नाय म्हणून कोण दिसभर बसून राहतंय? घरात आजारी माणूस हाय, चूल हाय."

"पण तू तर कधी—"

"महाराज थांबले, की मी माझी आरती म्हणून घ्यायची. हळूच. टाळ्या वाजवायची, हात जोडायची. मंग ते बंद करायचं अन् तुझ्या अण्णांचा चहा टाकायचा."

"रोज?"

"रोज. पहिल्या दिसापून." तिनं राखीच्या गालावरचं पाणी अंगठ्यानं पुसलं. तांदळाची कणी गालाला चिकटली. "तुझा काय दोष नाय बाई त्यात. त्या कापाकापीचा तर मुळीच नाय. देव काय तेवढ्यासाठी अडून बसतो? जा, दोन घास खा. शहनाजनं खिचडी आणलीय ना?"

राखीच्या छातीवरचं ओझं उतरलं. खरंच उतरलं. तिनं एक मोठा श्वास घेतला, आणि तिला चार वाजता मोरीपाशी कानात वायर घालून बसलेली आई दिसली.

नवसाबाईनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं होतं. ती तांदूळ पसरत होती, गोळा करत होती, पुन्हा पसरत होती. तिचं मनगट अजून सुजलेलं होतं, अण्णांना कुशीवर वळवून वळवून. तांदळात एकही खडा नव्हता. राखीला इथूनही दिसत होतं.

"त्या दिशीबी म्हणली व्हती," बऱ्याच वेळानं ती तांदळाकडं बघत म्हणाली. "आरती."

बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. राखीनं हात पुढं केला आणि तीही तांदूळ निवडायला लागली. दोघींची बोटं सुपात फिरत राहिली. भिंतीपलीकडं शहनाजच्या घरात कुणीतरी चमचा ताटलीवर ठेवला, तो इथं स्पष्ट ऐकू आला. राखीनं आईकडं बघितलं नाही. आईनंही तिच्याकडं बघितलं नाही.

"आत्या आल्या गं," रोहितनं हाक दिली.

साळूबाई म्हणजे अण्णांची थोरली बहीण. नांदगावची. गुडघ्यांनी अधू झाल्यामुळं त्या अंत्यविधीला येऊ शकल्या नव्हत्या, आज दहाव्यासाठी आल्या होत्या. दारातच त्यांनी हंबरडा फोडला, पिठावरच्या दिव्यापुढं बसून कपाळ जमिनीला लावलं, भावाला नाव घेऊन हाका मारल्या. नवसाबाई येऊन त्यांच्या शेजारी बसली. रोहितनं आत्यांना धरून भिंतीला टेकवलं. रडणं ओसरलं, तशी साळूबाईंनी डोळे पुसले आणि त्या भावजयीकडं वळल्या.

"आता मला कोणीतरी नीट सांगा. फोनवर हा रोहित धड बोलत नाय. माझा भाऊ पेला आपटून आपटून मेला म्हणं. अन् तू घरातच व्हती?"

"व्हते, वन्सं."

"मंग? दोन खोल्यांचं घर. राजवाडा हाय का? कानात बोळं घातलं व्हतं?"

"कीर्तन ऐकत व्हते."

"कीर्तन!" साळूबाईंनी सगळ्यांकडं आळीपाळीनं बघितलं. "नवरा मरतोय अन् ही कीर्तन ऐकती! असलं कोणतं कीर्तन गं?"

नवसाबाईनं पदर सावरला. तिचा चेहरा शांत होता, इतका की राखीला भीती वाटली. मांडवात अण्णा हाका मारत होते तेव्हाही तो असाच असणार, मांडीवरून तिला दिसला नव्हता एवढंच.

"वन्सं," ती म्हणाली, "मला त्या दिशी—"

"आत्या, माझ्यामुळं झालं ते," राखी म्हणाली.

आणि तिनं सगळं सांगितलं. शांतपणे, काही न गाळता, पोरांना धडा समजावून सांगावा तसं. कॅसेट कशा मिळवल्या, साफ कशा केल्या. आरत्या का कापल्या. मोबाइलवर एकामागून एक आख्यान कसं आपोआप लागतं. "आणि आई आरतीशिवाय उठत नाही, आत्या. तुम्हाला तर माहीतच आहे. तुम्ही बघितलंय."

 त्यांनी बघितलं होतं.

"ते मातूर खरं," त्या शेवटी म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा खाली आला होता. "सप्ताहात माझ्या भावानं बोंबलून गाव गोळा केला, तरी ही बया हालली नव्हती. मीच म्हणले व्हते, हिच्या अंगात देव हाय का दगूड." मग त्यांचा राग नव्या वाटेनं वाहिला. "पर तुला काय धाड भरली व्हती गं? देवाची आरती कापती? हेच शिकली का कॉलेजात?"

"चुकलं माझं."

"चुकलं म्हणं! बाप परत येतो का चुकलं म्हणून?"

"नाही."

रोहितनं मान फिरवली. "आत्या, पुरे आता," तो पुटपुटला. "ताईनं काय मुद्दाम केलं का?" एवढ्या दिवसांत तो पहिल्यांदा राखीच्या बाजूनं बोलला होता. त्याचा हात तिच्या खांद्यावर आला. त्या हाताखाली ती ताठ बसून राहिली.

नवसाबाई लेकीकडं बघत होती. तिचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले.

"राखी," ती म्हणाली, "अगं, पर मी तुला आत्ताच सांगितलं ना, की मी तर—"

"आई," राखी जरा मोठ्यानंच म्हणाली, "आत्या उन्हातून आल्यात. पाणी आण त्यांना."

नवसाबाई हाकेसरशी उठली.